खरंच पाण्यात वापरायला मेकॅनिकल डायव्ह वॉच : घेताना नेमकं काय बघायचं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी.

गेल्या हंगामात तारकर्लीला डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटरचा कोर्स केला. पावसाळा सरून मालवणचं पाणी निवळलं की पुन्हा जायचंय. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून अजून किती थांबता येईल ते सांगणारं यंत्र) भाड्यानं मिळतो आणि तो मनगटावर असणारच, त्याबद्दल वाद नाही. पण सोबत स्वतःचं एक ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं घड्याळ हवंय, आणि ते ऑफिसात मिरवायला नाही, पाण्यात न्यायला हवंय.

नजरेसमोर तीन आहेत. नवं सेको प्रॉस्पेक्स 'टर्टल', नवं सिटिझन प्रोमास्टर एनवाय ००४०, आणि ओळखीतल्या एका काकांकडचं सेको एसकेएक्स ००७. काकांचं घड्याळ दिसायला अजून सुंदर आहे, डायलवर 'डायव्हर्स २०० एम' लिहिलंय आणि किंमतही परवडणारी सांगतायत. पण घेतल्यापासून ते एकदाही उघडलेलं नाही. काकांच्या मते हा त्याचा गुण आहे. मला तीच भीती वाटते.

नेटवर परीक्षणं खूप वाचली. बहुतेकांत घड्याळ टेबलावर ठेवून पॉलिश, डायलचा रंग आणि बॉक्स यांचीच चर्चा. पाण्यात उतरणाऱ्या माणसानं काय तपासावं, हे कुणी सांगेल का? आणि कोल्हापुरात प्रेशर टेस्ट होते का?

मिसळ_कट

भावा, मेकॅनिकलच कशाला पण? क्वार्ट्झ घे की. ते महिन्याला दहा-पंधरा सेकंद चुकतं, ऑटोमॅटिक दिवसाला तेवढं चुकतं. पाण्याखाली वेळेवर जीव असतो म्हणतात, मग तिथं चुकणारं घड्याळ न्यायचंच का?

चावीवाला

मिसळ_कट, शंका रास्त आहे, पण हिशोब करून बघा. एसकेएक्समध्ये ७एस२६ मशीन आहे. त्याला दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी सूट कंपनीच धरते. समजा ते ४० सेकंद पुढे पळतंय. ५० मिनिटांच्या डाइव्हमध्ये फरक पडला किती? दीड सेकंदही नाही. पाण्याखाली आपण मिनिटं मोजतो, आणि मिनिटं मोजायला कुठलंही चालू स्थितीतलं मेकॅनिकल पुरेसं आहे.

क्वार्ट्झ वाईट अजिबात नाही. सौरऊर्जेवर चालणारं असेल तर उत्तमच. पण साध्या क्वार्ट्झचा सेल दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो, म्हणजे मागचं झाकण उघडावं लागतं, आणि आपल्याकडे झाकण बंद करताना गॅस्केटकडे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगेकडे लक्ष देणारे हात फार थोडे. माझ्याच एका घड्याळाचा सेल एका दुकानात बदलला, झाकण बसवताना गॅस्केट खाचेतून सटकून चिमटलं गेलं आणि पहिल्याच पोहण्यात आत पाणी. दुकानदारानं वर मलाच सांगितलं, 'पाण्यात कशाला घालायचं?'

चावीच्या घड्याळाची अडचण वेगळी होती. रोज चावी द्यायला क्राउन (कडेचं चावीचं बटण) उघडा, पुन्हा बंद करा, त्यात सील झिजतं. म्हणून १९५३ साली ब्लाँपँचं 'फिफ्टी फॅदम्स' आलं ते ऑटोमॅटिक मशीन घेऊन. क्राउनला हात जितका कमी लागेल तितकं पाणी लांब राहील, हा विचार त्यामागे होता. त्याच सुमाराला रोलेक्सचं 'सबमरिनर' आलं. सेकोचं पहिलं डायव्हर १९६५ चं, १५० मीटरचं. एसकेएक्स ००७ हे त्याच घराण्यातलं, १९९६ पासून साधारण २०१९ पर्यंत बनलं. ती सगळी घड्याळं हत्यारं म्हणून बनली होती, आणि मला या प्रकारावर जीव आहे तो त्याचसाठी.

आता मूळ प्रश्नाकडे. डायलवर नुसतं 'वॉटर रेझिस्टंट २०० एम' आहे की 'डायव्हर्स २०० एम', हे आधी बघा. दुसरं लिहायचं तर आयएसओ ६४२५ हे डायव्हिंगच्या घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक पाळावं लागतं. हे मानक १९८२ चं, पुढे १९९६ आणि २०१८ मध्ये सुधारलं. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ २२८१०, आणि त्यात नमुन्यादाखल काही घड्याळं तपासली तरी चालतात. डायव्हरच्या बाबतीत मात्र प्रत्येक नग दाबाखाली जातो, तोही लिहिलेल्या आकड्याच्या १२५ टक्के. म्हणजे २०० चं घड्याळ २५० मीटरच्या दाबाखाली दोन तास. क्राउनवर आडवा जोर देऊन वेगळी चाचणी, ४० अंशांच्या पाण्यातून ५ अंशांच्या पाण्यात आणि परत ४० मध्ये, मिठाच्या पाण्यात २४ तास, धक्क्याची, चुंबकत्वाची. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे की थांबलंय हेही अंधारात कळलं पाहिजे. सेकंदकाट्यावर जो चमकणारा ठिपका असतो तो त्यासाठीच.

तुमची तिन्ही घड्याळं या कसोटीतली आहेत. फक्त एक ध्यानात ठेवा, ही कसोटी कारखान्यातून बाहेर पडण्याच्या दिवसाची आहे.

मिसळ_कट

हिशोब पटला. वाचतोय.

उद्यमनगर_लेथ

माझा धंदा हायड्रॉलिक सिलेंडरचा. घड्याळातलं मला फार कळत नाही, पण ओ-रिंगमध्ये, म्हणजे गळती अडवणाऱ्या गोल रबरी रिंगांमध्ये हयात गेली, म्हणून लिहितो.

चावीवाल्यांनी एक चाचणी सांगायची राहिली. २५० मीटरचा दाब झाल्यावर तेच घड्याळ ०.३ बार दाबावर, म्हणजे फक्त तीन मीटर पाण्याएवढ्या दाबावर, तासभर ठेवतात. आधी नवल वाटलं. पंचवीस बार सोसलेल्या घड्याळाला ०.३ बारची परीक्षा कशाला? मग उलगडलं, आमच्या सिलेंडरचंही असंच असतं. ओ-रिंग खाचेत बसवताना थोडी चेपूनच बसवतात, स्थिर जोडात साधारण पंधरा ते तीस टक्के. दाब आला की तो दाबच रिंगला खाचेच्या कोपऱ्यात ढकलतो आणि रिंग आणखी घट्ट बसते. जास्त दाबाला सील उलट जास्त चांगलं धरतं. खरी गळती कमी दाबाला होते, कारण तिथं रिंगला ढकलणारं कुणी नसतं, तिच्या स्वतःच्या ताणावरच सगळं असतं. घरातला कुकर बघा. रिंग जुनी झाली की सुरुवातीला कडेनं वाफ फुसफुसते, आणि एकदा आत दाब धरला की बंद होते.

आता काकांचं घड्याळ. न उघडलेलं म्हणजे रिंग कारखान्यातली. नायट्राइल रबर वर्षानुवर्षं एकाच आकारात चेपून राहिलं की त्याचा ताण मरतो. सोडली तरी पुन्हा गोल होत नाही, चपटीच राहते. त्यात आपला उन्हाळा, घाम, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं घड्याळ. असं घड्याळ एखाद्या वेळी वीस मीटरवर तगेल आणि किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात गळेल. तेव्हा 'विहिरीत घालून बघितलं, काही झालं नाही' हा पुरावा धरू नका.

उघडाल तेव्हा मागच्या झाकणाची आणि क्राउनमधली, दोन्ही रिंगा मूळ कंपनीच्याच मागवा. आमच्या उद्यमनगरात ओ-रिंगांचा ढीग मिळेल, पण घड्याळातली रिंग एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते, जाडीत केसाएवढा फरक पडला तरी झाकण एक तर बसणार नाही किंवा रिंग सैल राहील. नायट्राइलला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवायचा, थापायचं नाही. रिंगच सिलिकॉन रबरची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नका, फुगते.

राजारामपुरी_सातवी

लेथदादा, ही ०.३ बारची गोष्ट आजवर कुठल्याच परीक्षणात वाचली नव्हती. छान समजावलंत.

माझी शंका वेगळी. माझं मनगट बारीक आहे. टर्टल ४५ मिलिमीटर आहे ना? बायकांनी घालायचं तर?

चावीवाला

ताई, आकडा ४५ चा असला तरी टर्टलचे कान आखूड आहेत, वरपासून खालपर्यंत ४८ मिलिमीटरच्या आत बसतं. तरी बारीक मनगटावर त्याचं वजन कळेल. एसकेएक्स ००७ चं धाकटं भावंड एसकेएक्स ०१३ होतं, ३८ मिलिमीटरचं, तेही डायव्हर्स २०० एम. आता जुन्या बाजारातच मिळेल. जुन्यात घेताना जपून. आपल्याकडे डायल नव्यानं रंगवून, इकडचं झाकण तिकडे लावून बनवलेली सेको भरपूर फिरतात. अशा डायलवर 'डायव्हर्स' असं नुसतं छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नसतो.

किल्ल्याआड

मी मालवणात डायव्हिंग शिकवतो. पाहुण्यांच्या मनगटावर सगळ्या तऱ्हेची घड्याळं बघतो, म्हणून पाण्याखालचं सांगतो.

आधी एक स्पष्ट. कॉम्प्युटर पहिला, घड्याळ दुसरं. कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर डाइव्ह तिथंच संपवायचा, सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि बाहेर. ती तीन मिनिटं मोजायला घड्याळ हवं. अंदाजानं मोजलेली तीन मिनिटं दीड मिनिटात संपतात, घाबरलेला माणूस भरभर मोजतो. आणि तळाशी किती वेळ झाला हे ठाऊक असेल तर आपण मर्यादेच्या किती आत होतो हेही कळतं. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात जास्तीत जास्त थांबायची ही मर्यादा १८ मीटरला ५६ मिनिटं, ३० मीटरला फक्त २०. घड्याळाचा खरा उपयोग एवढाच आहे, पण तो उपयोग जिवाचा आहे.

म्हणून मी सगळ्यात आधी बेझेल, म्हणजे डायलभोवतीची फिरती कडी बघतो. पाण्यात उतरताना बेझेलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, झालं. ते एकाच बाजूला, घड्याळाच्या उलट दिशेला फिरायला हवं. टाकीला किंवा बोटीच्या शिडीला घासून चुकून फिरलं, तर गेलेला वेळ जास्त दाखवेल, कमी कधीच नाही. दुकानात हात कोरडे असताना सगळीच बेझेलं छान फिरतात. तुम्ही बोटं साबणानं ओली करून फिरवून बघा. घसरलं तर ते पाण्यात कामाचं नाही. कडा खोल कापलेल्या हव्यात. मग बोट टेकवून उलट फिरवून बघा, किती हलतं ते. एसकेएक्स आणि टर्टल दोन्हींना १२० टिचक्या, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या. जुन्या एसकेएक्समध्ये आतली स्प्रिंग दमलेली असते, बेझेल लोण्यासारखं फिरतं. काकांचं तसं असेल तर ते दुरुस्त झाल्याशिवाय पाण्यात आणू नका.

दुसरं, काटे. आमच्या पाण्यात चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःचे फिन दिसत नाहीत. पाणी हिरवट असतं. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच मरतो, लाल काटा काळपट दिसायला लागतो. मिनिटकाटा जाड आणि तासकाट्यापेक्षा एका नजरेत वेगळा हवा. या बाबतीत सेकोचा जाड बाणासारखा मिनिटकाटा मला आवडतो. तारखेचं मला काही नाही, पाण्याखाली कुणी तारीख बघत नाही.

आणि एक गोष्ट पाण्यात गेल्यावरच कळते. सपाट काचेकडे तिरकं बघितलं की ती चंदेरी होते आणि आतलं काहीच दिसत नाही. समोरून बघितलं तर स्वच्छ. मनगट थोडं वळवलं, की डायल गायब. कॅमेरा धरलेला असला किंवा हात दोरीवर असला की मनगट हवं तसं वळवता येत नाही, तेव्हा हे फार जाणवतं.

उद्यमनगर_लेथ

ते भौतिकशास्त्र आहे. पाण्यातून निघालेला प्रकाश काचेमागच्या हवेत जाताना साधारण ४८-४९ अंशांपेक्षा तिरका पडला की आत जातच नाही, पूर्ण परावर्तन होतं. काच सफायर असो की साधी, सपाट असेल तर हे होणारच.

मिसळ_कट

एक ऐकलंय ते विचारतो. पोहताना हात मारला की घड्याळावर दाब कैक पट वाढतो, म्हणून २०० मीटरवालं वीस मीटरपर्यंतच वापरावं. खरं काय?

उद्यमनगर_लेथ

नाही बाबा. वेगामुळे येणारा दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. पाण्याखाली हात सेकंदाला तीन मीटर वेगानं फिरवला, जे जोरकस झालं, तर दाब वाढतो साधारण ४६०० पास्कल. म्हणजे अर्धा मीटर पाणीही नाही. वीस मीटर खोलीवर पाण्याचाच दाब दोन बार आहे, त्यात हे चिल्लर. उंचावरून सूर मारला तर मनगट पाण्यावर आपटतं, तो धक्का वेगळा, त्यानं काच किंवा मशीन दुखावू शकतं. पण पोहण्यानं २०० चे २० होत नाहीत. ही समजूत पसरली ती बहुधा जुन्या गॅस्केटच्या घड्याळांमुळे. ती गळतात, आणि लोक दोष हात मारण्याला देतात.

चावीवाला

अगदी बरोबर. आणि याच जोडीनं हेलियम व्हॉल्व्हचंही, म्हणजे घड्याळात शिरलेला हेलियम बाहेर सोडणाऱ्या झडपेचंही सांगून टाकतो. केसच्या कडेला तो असला की दुकानदार फार अभिमानानं दाखवतात. दिवसेंदिवस दाबाच्या खोलीत हेलियममिश्रित हवेत राहून समुद्राच्या तळाशी काम करणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांसाठी तो आहे. आपल्यासारख्यांना त्याचा काही उपयोग नाही, उलट एक सील जास्त. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

दोरीवाला

आम्ही काहीजण नदीत, विहिरीत, खाणीत बुडालेल्यांच्या शोधाला जातो. तिथली परिस्थिती मालवणसारखी नाही. पंचगंगेत पावसाळी पाण्यात डोळ्यासमोर हात धरला तर दिसत नाही. गाळ, बाटल्या, गणपतीच्या सांगाड्यांच्या तारा, काय काय असतं.

अशा पाण्यात चमकणारा डायलही कामाचा नाही. मास्कच्या काचेला घड्याळ टेकवून धरलं तर एखादा ठिपका दिसतो. म्हणून आमच्यात वेळ वर दोरी धरणारा सांभाळतो. खालच्याला दोरीच्या झटक्यांनी खुणा होतात, आणि किती मिनिटं झाली, हवा किती उरली असेल, हे काठावरच्याच्या मनगटावर असतं. घड्याळ चांगलं हवं ते त्याच्याकडे. नवीन पोरं महागडं घड्याळ घालून खाली जायला बघतात, त्यांना मी हेच सांगतो. खालच्याचं घड्याळ तारेत अडकू नये एवढं बघा, क्राउन आणि बकल बाहेर आलेलं नको.

लेथदादांनी विहिरीचं लिहिलंय ते खरं आहे. विहिरीत काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची घड्याळं पुढं रंकाळ्यात पोहताना गेलेली बघितलीत.

राजारामपुरी_सातवी

दोरीवाले दादा, तुमचं काम वाचून आदर वाटला. तुमचा अनुभव वेगळा धागा काढून लिहाच.

मी डॉक्टर आहे, म्हणून पंचगंगाकाठ यांना विषयाच्या जवळचं एक सांगते. आपण कोल्हापूरकर मालवणात डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, गगनबावडा त्याहून वर. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी, तिथं त्याचे शरीरातच बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला विमानासाठी असा आहे, की एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केले असतील तर १८ तास थांबावं. घाट म्हणजे विमान नव्हे, आणि उथळ डाइव्हनंतर धोका कमीच. तरी खोल किंवा अनेक डाइव्ह केल्यावर रात्र मालवणातच काढावी आणि निघण्याआधी तिथल्या शिक्षकांना विचारावं. नंतर सांधे दुखायला लागले, हातापायाला मुंग्या आल्या, तर 'थकवा असेल' म्हणून झोपू नका, थेट दवाखाना गाठा आणि डाइव्ह केल्याचं सांगा.

तर घड्याळ बघून पाण्याबाहेर आल्याची वेळ लिहून ठेवायची सवय लावा. बेझेल तासाभरापुरतंच, त्यापुढे वहीच.

किल्ल्याआड

ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय. पर्यटक हमखास विचारतात, 'दोनचा डाइव्ह झाला की पाचला निघू ना?'

पट्ट्याचं माझ्याकडून राहिलं होतं. घड्याळ हरवतं ते जास्त करून पट्ट्यामुळे. वेटसूटच्या बाहीवर घातलं तर खाली गेल्यावर सूटचं निओप्रीन (फुगीर रबर) चेपतं, १८ मीटरला वातावरणाच्या पावणेतीन पट दाब असतो, आणि वर घट्ट वाटलेला पट्टा खाली सैल होऊन घड्याळ मनगटाभोवती फिरायला लागतं. सेकोच्या रबरी पट्ट्यावर बकलजवळ ज्या घड्या असतात त्या याचसाठी. ताणून घट्ट बांधला की सूट चेपला तरी घड्या मिटून पट्टा आवळलेला राहतो. आमच्याकडे पाणी ऊबदार, बरेच जण आखूड बाहीचा ३ एमएमचा सूट घालतात, तेव्हा घड्याळ थेट कातडीवर असतं आणि हा त्रास होत नाही.

नायलॉनचा एकसंध पट्टा, जो पट्टा धरणाऱ्या दोन्ही पिनांखालून ओवतात, तोही चांगला. एक पिन सुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. पिनांवरून आठवलं, सेकोच्या डायव्हरला अडीच मिलिमीटर जाडीच्या पिना येतात. पट्टा बदलताना दुकानदार बारीक पिना घालून देतात. काकांच्या घड्याळात कुठल्या आहेत ते बघा.

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत घड्याळ भिजत ठेवा आणि त्या पाण्यातच बेझेल गरागरा फिरवा. तारकर्लीची वाळू फार बारीक, बेझेलखाली जाऊन बसते. क्राउन मात्र पाण्यात असताना आणि ओलं असताना कधीही उघडू नका.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना विचारून घड्याळ तपासायला नेलं. महाद्वार रोडच्या बाजूला एका गल्लीत जुने घड्याळवाले आहेत, त्यांच्याकडे पाण्याचं प्रेशर टेस्टर आहे हे तिथं गेल्यावरच कळलं. म्हणजे कोल्हापुरात टेस्ट होते.

त्यांनी घड्याळ आडव्या नळीतल्या हवेत, पाण्याच्या वर टांगलं, हातपंपानं दाब भरला आणि काही मिनिटं तसंच ठेवलं. कुठे फट असेल तर तेवढ्या वेळात दाबलेली हवा घड्याळात शिरते, असं त्यांनी समजावलं. मग घड्याळ पाण्यात सोडलं आणि दाब हळूहळू कमी केला. मागच्या झाकणाकडे काही नाही, काचेकडे काही नाही, आणि क्राउनच्या कडेतून टाचणीच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची माळ निघाली. क्राउन पूर्ण आवळलेला होता. त्यांनी पुसून पुन्हा आवळला, पुन्हा तेच.

मग झाकण उघडलं. त्याची रिंग निघाली ती पट्टीसारखी, गोलाई शिल्लकच नव्हती. नखानं वाकवली तर बाहेरच्या बाजूला बारीक तडे दिसले. ही रिंग टेस्टमध्ये पास झाली होती. लेथदादा, तुमचं वाक्य तिथं पटलं.

मशीनवर गंज नाही. बेझेल घट्ट आहे, टिचक्या नीट वाजतात. साबणाची बोटं लावून फिरवलं, फिरतं. पिना मात्र बारीक निघाल्या.

काकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, 'दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा कर, पण घड्याळ तूच घे, कारण तू ते पाण्यात नेणार आहेस.'

चावीवाला

काका दिलदार आहेत. घेऊन टाका.

क्राउनबद्दल एकच. आतली रिंग बदलून भागेल की क्राउनच बदलावा लागेल, हे आट्यांवर ठरेल. क्राउन बोटानं उलट फिरवत आणा, आटा पकडल्याची हलकी टिचकी जाणवते, मग सुलट फिरवा. दोन-अडीच फेऱ्या गुळगुळीत गेला तर आटे ठीक. मध्येच करकरला किंवा तिरका बसला तर केसच्या नळीचे आटे गेलेत, आणि मग त्या घड्याळावर पाण्यासाठी पैसे घालू नका, टर्टल घ्या. टर्टलमधल्या ४आर३६ मशीनला चावीही देता येते आणि सेकंदकाटा थांबवून वेळही लावता येते, ७एस२६ मध्ये दोन्ही नाही. सिटिझनचा क्राउन आठच्या बाजूला आहे, तो मनगटाच्या मागच्या भागात रुतत नाही, हा त्याचा मोठा गुण. ज्यांना मनगट वाकवल्यावर क्राउन टोचतो त्यांनी त्याचा आधी विचार करावा.

उद्यमनगर_लेथ

नवीन रिंगा घातल्यावर पुन्हा टेस्ट करालच. त्यांना सांगा, जास्त दाबाची झाली की एकदा अगदी कमी दाबावर, पाव-अर्ध्या बारवरही करा, आणि घाई न करता.

आणखी एक घरी करण्याजोगं. आयएसओमध्येच ही चाचणी आहे. घड्याळ ४०-४५ अंशांवर गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटभरानं पुसतात. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे. घरी हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याच्या वाटीवर ताटली ठेवून त्यावर घड्याळ ठेवा. यानं सील चांगलं आहे असं सिद्ध होत नाही, फक्त आत आधीच ओल शिरलीय का ते कळतं. दर डाइव्हच्या सहलीनंतर करत जा.

मिसळ_कट

आणि समजा समुद्रातच आत पाणी गेलं तर? तांदळात ठेवायचं का?

चावीवाला

तांदूळ विसरा. खारं पाणी आत गेलं की त्याच दिवशी झाकण उघडून मशीन बाहेर काढायला हवं, लोखंडी भाग रात्रभरात तांबूस होतात. मालवणातून निघतानाच घड्याळवाल्यांना फोन करून ठेवायचा.

पंचगंगाकाठ

क्राउन फिरवून बघितला. टिचकी लागते आणि पुढच्या फेऱ्या कुठंही न अडकता जातात. घड्याळवाल्यांनीही भिंगातून आटे बघून ठीक म्हटलं. घड्याळ घेतलं. दोन्ही रिंगा आणि जाड पिना मूळ कंपनीच्या मागवल्यात, यायला वेळ लागेल. कमी दाबाच्या टेस्टचं त्यांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, असं आजवर कुणी मागितलं नव्हतं, पण करून देतो. निकाल लागला की इथेच लिहितो. किल्ल्याआड, पहिला डाइव्ह तुमच्याकडेच, उथळ जागी. जागा आणि तारीख तुम्ही ठरवा.

किल्ल्याआड

या. दसऱ्यानंतर पाणी बघून कळवतो. घड्याळ एका मनगटावर आणि कॉम्प्युटर दुसऱ्यावर बांधा, एकाच हातावर दोन नको.